मालूच्या पायाचा फरमा

मालू म्हात्रे तशी अंगाने बारीक, पण पाय मात्र रुंद. सुपासारखे, असं तिची आई म्हणायची. पेणच्या खाडीकडच्या गावांत मिठागरावर वाढलेल्या मुलींचे पाय बहुतेक असेच. मिठागराची कोंडी, म्हणजे खारं पाणी अडवून ठेवायचा तो चौकोनी वाफा, पाणी घ्यायच्या आधी तुडवून तुडवून घट्ट करावी लागते. बायका ओळीने उभ्या राहायच्या, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकायच्या आणि टाचेपुढे टाच ठेवत सरकायच्या. मालू सात वर्षांची असल्यापासून सुट्टीच्या दिवशी त्या ओळीत होती. शाळेत चपला घालून जायची आणि परत येताना हातात घ्यायची, कारण चिखलात चपलेपेक्षा पाय बरा चालतो.

पुढे ती दहावी पास झाली, नाथाशी लग्न होऊन शेजारच्याच गावात आली आणि तिथेही सासूबरोबर, कृष्णाबाईबरोबर, मिठावर जाऊ लागली. नाथा पेणला गणपतीच्या कारखान्यात साच्यांचं काम करायचा. गणपतीचे हात वेगळे ओतायचे, पाय वेगळे, मग जोडायचे; हे हातापायांचं काम नाथाचं. मालूला किमया झाली, किमया शाळेत जायला लागली, आणि एका वर्षी बांध फुटून मिठागर बुडालं ते परत उभंच राहिलं नाही.

मग मालूने काय काय केलं! वडखळच्या हॉटेलात भाकऱ्या थापल्या, पापडाच्या कामाला गेली, दोन वर्षं एका नर्सरीत रोपांना पाणी घातलं. एकोणचाळिसाव्या वर्षी तिला कुणीतरी सांगितलं की पेणमधली एक सिक्युरिटी एजन्सी रोह्याच्या कंपन्यांसाठी बायका घेते आहे. गेटवर बायकांची तपासणी करायला बाईच लागते, शिवाय दहावी पास पाहिजे. मालू गेली आणि तिचं नाव लागलं.

एजन्सीने तिला खाकी शर्ट दिला, पँट दिली, टोपी दिली, पट्टा दिला, शिट्टी दिली आणि काळे चामड्याचे नाडीचे बूट दिले. घरी येऊन तिने सगळं अंगावर चढवलं आणि आरशासमोर उभी राहिली. कृष्णाबाई बघतच राहिली.

"गो मालू, इन्स्पेक्टर दिसतंस तू," ती म्हणाली.

किमयाने फोटो काढला. त्या फोटोत मालू हसते आहे, पण नीट पाहिलं तर कळतं की तिचा सगळा भार डाव्या पायावर आहे. उजवा बूट तेव्हाच चावायला लागला होता.

पहिली शिफ्ट सात ते तीन. वडखळच्या नाक्यावर पावणेसहाला कंपनीची बस यायची, ती खांब, कोलाड करत रोह्याच्या अलीकडे कंपनीच्या गेटवर सोडायची. बसमध्ये मालू नाड्या सोडून बसायची. गेटवर मात्र उभंच राहावं लागे. कामावर येणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासायच्या, टँकरवाल्यांचे पास बघायचे, रजिस्टर लिहायचं. काम तिला मनापासून आवडलं. लोक "मॅडम" म्हणायचे. आठ दिवसांत तिला निम्म्या बायकांची नावं पाठ झाली. पण दहा वाजले की अंगठ्याच्या बुडाशी असलेलं हाड ठणकायला लागे, बारा वाजता करंगळी जळायला लागे आणि तीनला ती बसमध्ये चढे ती दांडा धरून, एकेक पायरी मोजत.

तिने एजन्सीत जाऊन एक नंबर मोठा बूट मागितला. मोठा बूट मिळाला, पण तो लांबीने मोठा. पाऊल टाकलं की टाच बाहेर येई आणि फटक फटक आवाज होई. आठवडाभराने तिने तो परत केला. पेणच्या चांभाराने सांगितलं, "आठ दिवस ठेवून जा, रुंद करून देतो." पण तिच्याकडे जोड एकच. आठ दिवस काय अनवाणी उभी राहणार?

मग घरचे उपाय सुरू झाले. शेजारणीने सांगितलं, प्लास्टिकच्या पिशवीत चणे भिजत घालून पिशवी बुटात कोंबायची. चणे फुगतात तसा बूट फुगतो. मालूने तसं केलं. चणे फुगले ते वरच्या बाजूला, बुटाच्या तोंडातून बाहेर आले, आणि पिशवीला कुठेतरी भोक असणार, कारण पुढचे चार दिवस बसमधल्या बायका विचारत होत्या की उसळ कुणी आणली. मग तिने मोबाइलवर पाहिलं की पिशवीत पाणी भरून, बुटात घालून, बूट बर्फाच्या खणात ठेवायचे. पाण्याचा बर्फ होताना तो बुटाला आतून रेटतो. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिने बूट खणात ठेवले. संध्याकाळी कृष्णाबाई बोंबील काढायला गेली आणि तिने आरडाओरडा करून घर डोक्यावर घेतलं.

"म्हावऱ्याच्या बाजूला बूट? आता मला मेलीला हेच बघायचं राहिलं व्हतं!"

बर्फाने बूट थोडा सैल झाला, नाही असं नाही. पण झाला तो चवड्यावर, अंगठ्याच्या हाडाशी मात्र तसाच्या तसा. शेवटी मालूने आपला मार्ग काढला. गेटच्या केबिनमध्ये टेबलाखाली एक रबरी चपलांचा जोड ठेवला. जरा कुणी नसलं की उजवा बूट काढायचा आणि पाय चपलेत मोकळा सोडायचा.

हे महिनाभर चाललं. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी टँकरवाल्याने हॉर्नवर हॉर्न दिले म्हणून मालू घाईने बाहेर आली. पास बघितला, सही घेतली, टँकर आत सोडला. मागेच कंपनीच्या मोठ्या साहेबांची गाडी होती. मालूने टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. साहेबांनी मान हलवली, आणि त्यांची नजर खाली गेली. मालूचीही गेली. डाव्या पायात काळा बूट, उजव्या पायात निळी चप्पल.

गाडी पुढे गेली. पण दुपारी सुपरवायझर प्रविण सर केबिनमध्ये आले. ते मालूपेक्षा वयाने लहान, स्वभावाने सरळ.

"मालूताई, तुमच्या कामाबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "पण गेटवर एक पाय बुटात आणि एक चपलेत, हे नाही चालायचं. चार मार्चला सुरक्षा सप्ताह सुरू होतोय. सगळे गार्ड मैदानात, संचलन, झेंडा, शपथ, भाषणं, दोन तास उभं राहायचं. बायकांच्या रांगेत पुढे मी तुम्हाला ठेवलंय. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरीला उभं करतो. त्यात काही कमीपणा नाही."

मालू "जमेल" म्हणाली आणि सर गेल्यावर खुर्चीत बसली. तिला रडू आलं नाही, राग आला; तोही स्वतःच्या पायांचा. आजवर या पायांनी तिला कधी खाली बघायला लावलं नव्हतं.

कॅन्टीनमध्ये हलीमा होती, रोह्याची. मालूची आणि तिची डबा खाताना गट्टी जमलेली. हलीमाने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अगं वेडे, आधी बोलली का नाहीस? माझ्या माणसाने बावीस वर्षं मस्कतला बुटांच्या दुकानात काढली. उद्या सुटलीस की घरी चल."

दुसऱ्या दिवशी मालू रोह्याला हलीमाच्या घरी गेली. हलीमाचा नवरा फारुख साठीचा, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. त्याने मालूला खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर बुटक्या स्टुलावर बसला आणि हात पुढे केला. मालूने पाय मागे घेतला.

"लाजू नका, बहीण," तो म्हणाला. "बावीस वर्षं लोकांच्या पायाशीच बसलो. शेखाचा पाय बघितला, ड्रायव्हरचा बघितला. पायाला काय त्याची शरम?"

मालूने पाय पुढे केला. फारुखने तो तळव्यावर तोलला, अंगठ्याने हाड दाबून पाहिलं, कापडी टेपने तीन ठिकाणी मापलं. मग बूट उचलला, आत हात घालून चाचपला, वाकवला, हुंगलासुद्धा.

"चण्याचा वास येतो," तो म्हणाला.

हलीमा पदरात तोंड घालून हसायला लागली. मालूने चण्याची हकीकत सांगितली तेव्हा फारुखही हसला.

"बूट अस्सल चामड्याचा हाय, हे नशीब," तो म्हणाला. "चामडं मानतं, रेग्झिन मानत नाय. रेग्झिनला ताणलं तर ते फाटतं. लांबी बरोबर हाय तुमची. कमी पडतं ते फक्त इथं नि इथं." त्याने बुटावर खडूने दोन खुणा केल्या, एक अंगठ्याच्या हाडाशी, एक करंगळीशी. "सगळा बूट ताणायचा नाय, एवढ्याच दोन जागा. दुकानात आमच्याकडे लाकडाचे फरमे असायचे, पावलाच्या आकाराचे. ते आत घालायचे, स्क्रू फिरवायचा. पण ते गोऱ्यांच्या पायाचे, निमुळते. तुम्हाला तुमच्याच पायाचा फरमा पाहिजे. तो आता इथं कोण करून देणार?"

मालूला एकदम हसू फुटलं.

"माझा नवरा," ती म्हणाली. "अठरा वर्षं तो गणपतीचे पायच ओततो."

फारुखने तिला बाकीचं समजावून सांगितलं. अर्धं स्पिरिट, अर्धं पाणी, फडक्याने आतून पुसायचं, चिंब करायचं नाही. फरमा आत घालायचा आणि टाचेच्या बाजूने लाकडाची पाचर सारायची. रोज नखाएवढीच पुढे, जास्त नाही. उन्हात ठेवायचं नाही, गॅसजवळ तर नाहीच. "घाई केली तर शिवण उसवंल," तो म्हणाला. "चामडं जनावराचं असतं, त्याला सवय लावावी लागते."

घरी येऊन मालूने नाथाला सांगितलं. नाथा कमी बोलणारा माणूस. त्याने जेवण संपवलं, हात धुतले, मग म्हणाला, "बघू पाय."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, पण नाथाने मालूचे पाय असे कधी पाहिले नव्हते. पडवीतल्या दिव्याखाली त्याने ते फिरवून फिरवून पाहिले. करंगळीवर फोड फुटून कातडी निघाली होती. अंगठ्याजवळ लालभडक झालं होतं.

"एवढं झालं तरी बोलली नाय तू," तो म्हणाला.

"तुम्ही काय करणार व्हता?"

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच त्याने कारखान्यातून शाडू आणला, मळून लोण्यासारखा मऊ केला आणि एका जुन्या घमेल्यात भरला. मालूला पाटावर बसवून पाय त्यात ठेवायला सांगितला आणि दोन्ही हातांनी तिचं पाऊल मातीत दाबलं. कृष्णाबाई आतून आली आणि दारातच थबकली.

"सणासुदीला देवाचे पाय करतोस नि बायकोचे पाय धरून बसलास? लोक काय म्हणतील?"

"लोकांचे बूट नाय चावत, आये," नाथा म्हणाला.

कृष्णाबाई तणतणत परत आत गेली. पाच मिनिटांनी पुन्हा बाहेर आली, घमेल्यात डोकावली आणि म्हणाली, "चुकलास तू."

"काय चुकलं?"

"आत्ता काय वाजलेत? नऊ. सकाळचा पाय नि संध्याकाळचा पाय एक नसतो. मिठावरनं आलो का आमचे पाय हे एवढे व्हायचे, जोडवी रुतायची. बूट चावतो दुपारच्याला, नि तू माप घेतोस सकाळचं!"

म्हातारीचं बोलणं सोळा आणे खरं होतं. नाथाने शाडू परत मळला, वर ओलं पोतं टाकलं. मालूने मुद्दाम दिवसभर उभ्याने कामं केली. पेणला जाऊन बाजार केला, चालत परत आली, विहिरीवरून पाणी आणलं. साडेपाचला तिने आधी उजवा, मग डावा पाय मातीत ठेवला तेव्हा खुणा सकाळपेक्षा चांगल्याच रुंद उमटल्या. कृष्णाबाई खुर्ची ओढून समोर बसली, आणि कुठे जास्त दाबायचं ते बोटाने दाखवू लागली.

आधी उजव्या पायाच्या खुणेत नाथाने प्लास्टर ओतलं. वरचा उभार हाताने घडवला, सुकल्यावर पॉलिश पेपरने घासला, अंगठ्याच्या हाडाशी आणि करंगळीशी दोन दोन दोऱ्यांच्या जाडीइतका जास्त ठेवला. मग करवतीने पावलाचा मागचा भाग कापून टाकला, म्हणजे मागून पाचर मारता येईल. मंगळवारी संध्याकाळी फरमा बुटात घातला, बाभळीची पाचर सारली आणि हातोडीचा एक हलका ठोका दिला. आतून टक्कन आवाज आला. फरमा बाहेर काढला तर त्याचे दोन तुकडे.

चार तारखेला सात दिवस उरले होते.

"नुसतं प्लास्टर व्हतं," नाथा म्हणाला. तो जरा खजील झाला होता. "मोठ्या मूर्तीत काथ्या घालतो आम्ही, तसा घालायला पाहिजे व्हता. मला वाटलं, एवढ्याशा पायाला कशाला."

"एवढासा पाय?" मालू म्हणाली. "माझी आई सूप म्हणायची."

नाथा हसला. मातीतले दोन्ही साचे शाबूत होते, तेवढं बरं. या वेळी त्याने नारळाचा काथ्या पिंजून प्लास्टरमध्ये घातला, दोन्ही पायांचे फरमे ओतले आणि सुकल्यावर ओल लागू नये म्हणून त्यांना रंगाचे दोन हात दिले. घरात उरलेला रंग होता तो गणपतीच्या अंगाचा, फिकट गुलाबी. ते दोन गुलाबी अर्धे पाय बघून किमया म्हणाली, "आई, तुझे पाय एवढे गोरे कधी झाले?"

गुरुवारपासून रोज मालू चारच्या सुमारास घरी आली की बूट काढायची, आतून पुसायची, फरमे घालायची. पाचर मारायचं काम नाथाचं. तो पेणहून येऊन आधी हातपाय धुवायचा, मग हातोडी घ्यायचा. नखाएवढी, फारुखने सांगितलं होतं तेवढीच. सकाळी पाचर काढून मालू बूट घालायची. पहिल्या दिवशी काही फरक वाटला नाही. शनिवारी ती बारा वाजता केबिनमध्ये गेली आणि सवयीने टेबलाखाली चप्पल शोधू लागली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण दहा वाजता आलो नव्हतो. रविवारी फारुखने हलीमाच्या फोनवरून विचारलं, "शिवण बघितली का? उसवली नाय ना?" शिवण जागेवर होती. सोमवारी तिने चपला पिशवीत घालून घरी नेल्या.

चार मार्चला मैदानात ऊन चांगलंच होतं. बायकांच्या रांगेत पुढे मालू, तिच्यामागे नऊ जणी. संचलन झालं, झेंडा चढला, सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली. मग भाषणं सुरू झाली. दुसरे वक्ते कुठूनसे आलेले होते, ते हेल्मेटवर बोलले, हातमोज्यांवर बोलले, शिडीवर कसं चढावं यावर पंधरा मिनिटं बोलले. शिडीचा खालचा पाय आणि भिंत यांत किती अंतर हवं, हे ते सांगत होते आणि मालू मनातल्या मनात घरच्या माळ्याच्या शिडीचा हिशेब करत होती: नाथा ती फारच उभी लावतो, आज सांगायला हवं. टाळ्या वाजल्या तेव्हा ती भानावर आली. पावणेदोन तास झाले होते आणि तिला पायांची आठवणच झाली नव्हती. आठवण झाल्यावर तिने बोटं हलवून पाहिली. करंगळी थोडी कुरकुरली, पण तेवढं चालायचंच.

"नवीन जोड घेतला का?" परत जाताना प्रविण सरांनी विचारलं.

"नाय सर. तोच हाय."

ही गोष्ट गेटवर राहणारी थोडीच होती? हलीमाने कॅन्टीनमध्ये सांगितली, कॅन्टीनमधून ती प्लांटमध्ये गेली. आधी मालूच्या रांगेतल्या दोघी आल्या, मग पॅकिंगमधली एक, मग खांबची मनस्वी, जिला लग्नात दिलेले सँडल एकदाही घालता आले नव्हते. मालू आधी बूट वाकवून, हुंगून बघते, अगदी फारुखसारखी. एकदा मात्र फसली. एका मुलीचे बूट तिला चामड्याचे वाटले. ते निघाले रेग्झिनचे आणि पाचरीच्या दुसऱ्याच ठोक्याला चवड्यावर तडकले. मालूने चूक कबूल केली, पुढच्या सुट्टीला त्या मुलीबरोबर रोह्याच्या बाजारात गेली आणि तिला नवे बूट घेऊन दिले. दुकानात तिने सहा जोड नाकारले तेव्हा दुकानदार वैतागला होता. घेतला तो सातवा. तो संध्याकाळी, पाय सुजलेला असताना घालून पाहिला आणि मगच घेतला.

आता पडवीतल्या फळीवर अकरा जोड फरमे आहेत. प्रत्येकाच्या तळाला नाथाने पेन्सिलने नाव लिहिलंय. कृष्णाबाई आल्यागेल्याला ते दाखवते आणि माप संध्याकाळीच घ्यावं ही अक्कल कुणाची, हे न चुकता सांगते.

गेल्या महिन्यात हलीमाने मालूच्या घरच्यांना जेवायला बोलावलं. नाथा आणि फारुख यांची ही पहिलीच भेट. नाथाने बरोबर मनस्वीचा फरमा नेला होता, कागदात गुंडाळून. फारुखने तो उजेडात धरून फिरवला आणि विचारलं, "इथं टाचेकडं उतार कसा आणलात?" मग नाथा, जो घरात दिवसाला दहा वाक्यं बोलतो, तो बोलायला लागला. प्लास्टर किती पातळ हवं, काथ्या कसा पिंजायचा, पटाशी कुठून आणायची. फारुखने मस्कतहून आणलेला जुना टेप काढला. दोघांनी मिळून हलीमाच्या उंबऱ्यावरच्या सगळ्या चपला एकेक करून तपासल्या.

आत हलीमा आणि मालू भांडी आवरून पलंगावर बसल्या होत्या. मालूने पाय समोरच्या खुर्चीवर पसरले होते. बाहेरून फारुखचा आवाज आला, "मालूबहीण, या जांभळ्या चपला कुणाच्या? ह्यांचं काही खरं नाय!"

"माझ्या हायत," हलीमा ओरडून म्हणाली. "त्यांना हात लावू नका!" आणि ती चहा ठेवायला उठली.